हुतोक्षी, अतोसा आणि हिरोडोटसचं एक वाक्य

केतकीचं_बन
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढायचं धाडस करतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

निमित्त किरकोळ आहे. आमच्या शेजारी हुतोक्षी आंटी राहतात. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे लगन नु कस्टर्ड खाता खाता सहज विचारलं, "आंटी, तुमच्या नावाचा अर्थ काय हो?" त्या म्हणाल्या, "अर्थ-बिर्थ माहीत नाय. राणीचं नाव आहे, जरथुष्ट्रसाहेबांच्या वेळची." घरी येऊन शोधायला बसले ती रात्री दीडपर्यंत उठलेच नाही.

हे नाव अवेस्ता या पारश्यांच्या धर्मग्रंथातलं. हुताओसा ही विश्तास्प राजाची राणी. तेच नाव ग्रीकांच्या तोंडी जाऊन 'अतोसा' झालं आणि त्या नावाची एक राणी इतिहासात पक्की आहे. इराणच्या विशाल साम्राज्याचा पाया घालणाऱ्या सायरसची ही मुलगी. आधी भावाची, म्हणजे कंबायसिसची बायको. तो इ.स.पू. ५२२ मध्ये वारल्यावर गादीवर जो आला त्याची बायको. त्याला मारून दारियस आला, तर त्याचीही बायको. आणि दारियसनंतर गादीवर बसला तो झर्क्सीस हिचा मुलगा. एका बाईच्या आयुष्यात एवढे राजे!

आता माझा प्रश्न. दारियसला थोरला मुलगा वेगळ्या बायकोपासून होता, तरी गादी झर्क्सीसला मिळाली. त्यावर ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की सगळी सत्ता अतोसाच्याच हातात होती. हे खरं मानायचं का? की राजवाड्यातल्या बायकांबद्दल ग्रीकांनी पिकवलेली ही नेहमीची कुजबुज? जाणकारांनी उजेड पाडावा.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. कस्टर्डची कृती वेगळ्या धाग्यात टाका, तिथे पहिला प्रतिसाद माझा.

तळटीप
छान विषय. सुरुवातीलाच एक खुंटी पक्की करू या. अवेस्तातली हुताओसा आणि दारियसची अतोसा या वेगळ्या बायका. घोटाळा व्हायचं कारण असं की दारियसच्या बापाचं नावही विश्तास्पच होतं. जुन्या पोथीतल्या पुण्यवान राजाराणीची नावं पुढच्या पिढ्यांनी घरात ठेवली, इतकंच. आपल्याकडे घरोघरी जानकी असतात तसं.

आता दारियसने हिच्याशी लग्न का केलं ते पाहा. दारियस हा सायरसचा मुलगा नव्हे, नातू नव्हे, पुतण्याही नव्हे. नातं लावायचं तर चार-पाच पिढ्या मागे जाऊन एक समान पूर्वज काढावा लागतो, आणि तेही दारियसच सांगतो म्हणून. अशा माणसाने गादीवर बसताक्षणी काय केलं? सायरसच्या दोन मुली केल्या, अतोसा आणि अर्तिस्तोने. सायरसची नात पार्मिस केली. शिवाय ओतानेस या बड्या सरदाराची मुलगी फैदिमे, जी आधीच्या राजाच्या जनान्यात होती, तीही. सायरसच्या रक्ताच्या मुली दुसऱ्या कुणाच्या घरात गेल्या असत्या तर तिथे गादीचा वारस जन्मला असता. तो दरवाजा त्याने आतून कडी घालून बंद केला.

म्हणजे झर्क्सीसला गादी मिळण्यासाठी आईने कारस्थान करण्याची गरजच काय होती? तो सायरसचा नातू होता. थोरला अर्तोबाझानेस नव्हता.

विदर्भाचा_वारा
मले एक समजून नाही राहिलं. कंबायसिसनंतर जो आला तो तोतया होता, असं शाळेत शिकलो होतो. मरून गेलेला भाऊ बर्दिया मीच, असं सांगत होता म्हणे. आता अतोसा तर त्या बर्दियाची बहीण. आपला भाऊ हाय का दुसराच कोणी हाय, हे बहिणीले समजत नाही का? अन् वरून त्याचीच बायको!

खारीबिस्कीट
वारा, पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघालाच होता की. लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातला.

विदर्भाचा_वारा
लोकाईचं सोडा ना भाऊ. मी घरच्या माणसाचं म्हणून राहिलो.

तळटीप
वारा यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. हा प्रश्न हिरोडोटसलाही पडला होता, आणि त्याने त्याची सोय करून ठेवलीय.

त्याची गोष्ट अशी. ओतानेसला संशय आला. त्याने जनान्यातल्या आपल्या मुलीला, फैदिमेला निरोप धाडला: तू ज्याच्याजवळ झोपतेस तो सायरसचा मुलगाच ना? ती म्हणाली, मी सायरसच्या मुलाला पूर्वी कधी पाहिलंच नाही. मग बापाने दुसरा निरोप धाडला: अतोसाला विचार, ती तर स्वतःच्या भावाला ओळखेल. यावर फैदिमेचं उत्तर: हा माणूस गादीवर आल्यापासून त्याने आम्हा सगळ्यांना वेगवेगळ्या दालनांत ठेवलंय, अतोसाची गाठच पडत नाही.

मग तिसरा निरोप. तो झोपला की कान चाचप. ज्याच्यावर संशय होता त्या मागी (म्हणजे इराणी पुरोहित) माणसाचे कान सायरसने कुठल्याशा गुन्ह्यासाठी कापलेले होते. फैदिमेने जीव मुठीत धरून कान चाचपले. कान नव्हते!

रिकामटेकडा
म्हणजे एवढ्या मोठ्या साम्राज्याचं भवितव्य एका केसांच्या वळणाखाली लपलं होतं. आमच्या सलूनवाल्याला सांगतो.

कातरवेळ
ही कानाची गोष्ट वाचायला मजेशीर आहे, पण मला तिच्यात भलताच वास येतो.

तोतयाची हकीकत मुळात कुणी सांगितली? खुद्द दारियसने. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरून ठेवलंय: गादीवर बसलेला तो बर्दिया नव्हे, गौमात नावाचा मागी होता, आणि मी त्याला मारला. या प्रकरणात फायदा ज्याचा झाला त्याचीच ही साक्ष. आजचे कित्येक अभ्यासक सरळ म्हणतात की तो खराच बर्दिया असावा, दारियसने खऱ्या राजालाच मारलं आणि तोतयाची कहाणी मागाहून रचली.

हे खरं असेल तर अतोसा कुठे उभी राहते ते पाहा. तो माणूस कोण होता हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारी जी काही माणसं होती त्यांत ती एक. तिच्या भावाला ज्याने मारलं असेल त्याच्या घरात ती राणी म्हणून गेली, आणि दारियसने पुढे ३६ वर्षं राज्य केलं. "तो माझा भाऊ नव्हताच" असं ती म्हणाली असेल, किंवा काहीच बोलली नसेल. दारियसच्या दृष्टीने दोन्ही सारखंच मोलाचं.

हिरोडोटसच्या गोष्टीत नेमकी तिचीच गाठ कुणाला पडत नाही, हा मला योगायोग वाटत नाही. जिची साक्ष हवी तिलाच गोष्टीने कोंडून ठेवलंय.

केतकीचं_बन
कातरवेळ, काटा आला अंगावर. हे मला सुचलंच नव्हतं.

तळटीप
कातरवेळ, तर्क सुंदर. पण तर्कच. बर्दिया खरा की खोटा याचा निकाल लागेल असा पुरावा हातात नाही.

आजीबाईंचा_बटवा
ते सगळं असो. सख्ख्या भावाशी लग्न हे काय प्रकरण आहे? आणि आंटींना हे सगळं सांगू नका हो, वाईट वाटायचं त्यांना.

खारीबिस्कीट
आजी, तेव्हाच्या इराण्यांनाही ते पचलं नव्हतं, निदान हिरोडोटस तसं म्हणतो. कंबायसिसने न्यायाधीशांना बोलावून विचारलं की बहिणीशी लग्न करायला परवानगी देणारा कायदा आहे का? बिचाऱ्यांनी पोथ्या चाळल्या आणि उत्तर दिलं: तसा कायदा आम्हाला सापडत नाही, पण राजाला वाटेल ते करता येतं असा एक कायदा मात्र सापडलाय.

तीस वर्षं वकिली केली. अशिलाला इतकं अचूक उत्तर मला एकदाही देता आलं नाही.

स्टेथोस्कोप
अतोसाचं नाव निघालं आणि तिच्या दुखण्याचा विषय अजून आलाच नाही? आमच्या क्षेत्रात ती त्याच्यासाठीच माहीत आहे.

हिरोडोटसच्या तिसऱ्या भागात आहे. अतोसाच्या स्तनावर गाठ आली, ती फुटली आणि पसरत चालली. लहान होती तोवर तिने लाजेने लपवली, कुणालाही सांगितलं नाही. फारच वाढल्यावर डेमोसिडीस या ग्रीक वैद्याला बोलावलं. त्याने बरी केली. कशी, ते एका शब्दाने नाही. कर्करोगाच्या इतिहासावरच्या लेखनात या चार ओळी हमखास येतात, स्तनाच्या कर्करोगाच्या सर्वात जुन्या नोंदींपैकी एक म्हणून.

माझं मत थोडं वेगळं आहे. फुटलेली, पसरणारी आणि त्यातून रोगी पूर्ण बरा झालेली गाठ कर्करोगाची असण्यापेक्षा गळवाची किंवा जंतुसंसर्गाने सुजलेल्या स्तनाची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. अतोसाला निदान चार मुलगे झाले, तेव्हा अंगावर पाजणाऱ्या बाईचं गळू असणं अगदीच शक्य. अडीच हजार वर्षांनंतर, पेशंट न तपासता केलेलं निदान आहे हे, तेव्हा फी घेत नाही.

पण 'लाजेने लपवली' हे वाचून थांबले. हे वाक्य मी ओपीडीत दर आठवड्याला ऐकते. साडी नेसलेली असते, सून बरोबर असते, आणि गाठ आठ महिने जुनी असते.

मुळशीकर
डेमोसिडीस नाव कुठेतरी ऐकलंय. हाच का तो सोन्याच्या बेड्यावाला?

स्टेथोस्कोप
हाच! याची गोष्ट सांगायलाच हवी, धाग्याशी संबंध आहे.

हा दक्षिण इटलीतल्या क्रोटोनचा. बापाशी पटेना म्हणून घर सोडलं. एजिना बेटावर वर्षाला एक टॅलंट पगार, मग अथेन्सने शंभर मिना दिले (साठ मिना म्हणजे एक टॅलंट), मग सामोसच्या पॉलिक्रेटिसने दोन टॅलंट. (दरवर्षी जास्त पगारावर नोकरी बदलायची पद्धत जुनीच आहे.) पॉलिक्रेटिस मारला गेला आणि हा गुलाम होऊन सूसाला, दारियसच्या राजधानीत पोचला.

तिकडे दारियस शिकारीत घोड्यावरून उतरताना पाय मुरगाळून बसला. घोट्याचा सांधा निखळला. पदरी इजिप्तचे वैद्य होते, त्या काळचे नावाजलेले. त्यांनी पाय असा काही पिरगाळला की राजाला सात दिवस सात रात्री झोप नाही. आठव्या दिवशी कुणाला तरी डेमोसिडीस आठवला. बेड्या ओढत, चिंध्या पांघरून तो समोर आला. त्याने ग्रीक पद्धतीने हळुवार उपचार केले आणि राजा झोपला.

बक्षीस म्हणून दारियसने त्याला सोन्याच्या बेड्यांच्या दोन जोड्या दिल्या. हा म्हणाला, तुम्हाला बरं केलं म्हणून माझं दुःख दुप्पट करताय का? राजा खूश. राण्यांकडे पाठवलं, तर प्रत्येक राणीने पेटीत वाटी बुडवून सोन्याची नाणी दिली. सांडलेली वेचूनच त्याच्या नोकराची चांदी झाली.

आता अतोसा. गाठ बरी करण्याआधी त्याने तिच्याकडून शपथ घेतली, मी मागेन ते द्यायचं, लाजिरवाणं काही मागणार नाही. बरी झाल्यावर तिने रात्री पलंगावर दारियसपाशी विषय काढला: तुम्ही तरुण आहात, काही पराक्रम करा, ग्रीसवर स्वारी करा, मला स्पार्टाच्या, आर्गोसच्या, अथेन्सच्या, कोरिंथच्या दासी हव्यात. आणि तिथली माहिती काढायला हा ग्रीक वैद्य आहेच. दारियसच्या डोक्यात आधी शकांवर स्वारी करायची होती, तरी त्याने पंधरा इराणी माणसं देऊन वैद्याला पाहणीसाठी पाठवलं. वैद्य इटलीत पोचला आणि पसार! क्रोटोनमध्ये जाऊन माय्लो नावाच्या नामांकित पैलवानाच्या मुलीशी लग्न केलं.

तिखटमीठ
बघा, हेच ते. ग्रीस-इराण युद्धाचं मूळ काय, तर बायकोला मोलकरणी हव्या होत्या!

दारियसने थ्रेस घेतलं, शकांवर स्वारी केली, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या आयोनियातल्या ग्रीकांनी बंड केलं, अथेन्सने त्या बंडाला गलबतं पाठवली, इराण्यांचं सार्डिस शहर जाळलं. एवढी ढळढळीत कारणं असताना गोष्टीत येतो तो पलंग. आणि पलंगावरचं संभाषण ऐकायला हिरोडोटस कुठे होता? तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

ग्रीकांची ही खोडच. प्लेटोसुद्धा लिहून गेलाय की सायरसने मुलांना बायकांच्या हाती वाढवलं म्हणून कंबायसिस बिघडला. साम्राज्य बिघडलं की बाई शोधा. आपल्याकडे तरी काय वेगळं? नारायणरावाचा खून गारद्यांनी केला, फायदा राघोबाचा, पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? 'ध' चा 'मा'.

रिकामटेकडा
+१. आमच्याकडे मोलकरीण हवी म्हटलं तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. शेजारच्या देशावर स्वारी करत नाहीत. अजून तरी.

आबा_सातारकर
तिखटमीठ, तुमचा राग समजतो. पण मी उलट बाजूने बोलतो, जरा ऐका.

हल्ली एक पद्धत पडलीये. जुन्या लेखकाने बाईच्या सत्तेबद्दल लिहिलं की म्हणायचं, ही पुरुषी कुजबुज. ठीक. पण मग त्या बाईच्या हाती काहीच नव्हतं, असंही आपोआप ठरून जातं. तिच्याकडची सत्ता तिच्याकडून दोनदा काढून घेतली जाते. आमच्या साताऱ्याच्या ताराऊंनी सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. उद्या कुणी म्हणालं की ही सगळी बखरकारांची कल्पना, तर तुम्हाला चालेल का?

तीन राजांच्या जनान्यातून जी जिवंत, मानाने बाहेर येते आणि चौथ्याची आई म्हणून बसते, ती काही पडद्यामागे बसून लोकर कातणारी नसणार. एवढंच म्हणायचंय. राग नसावा.

तिखटमीठ
आबा, राग नाही. पण ताराबाईंची पत्रं आहेत, शिक्के आहेत, मोगली कागदांत नोंदी आहेत. अतोसाचं काय आहे?

आबा_सातारकर
तुमचा मुद्दा बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर बोलावं.

शिकागोची_मैना
मी बोलते! उशिरा आले, इथे सकाळ आहे.

कागद आहेत. म्हणजे मातीच्या पाट्या. दारियसने वसवलेल्या पर्सेपोलिस या राजधानीच्या तटबंदीत १९३३-३४ साली शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात हजारो पाट्या आणि तुकडे सापडले. बहुतेक एलामी भाषेत, दारियसच्याच काळातले, इ.स.पू. ५०९ ते ४९३. वाचायला म्हणून त्या शिकागोला आल्या आणि दशकानुदशकं इथेच राहिल्या. मधे एका बॉम्बस्फोटातल्या जखमींनी इराणकडून भरपाई म्हणून त्या जप्त करायचा दावा लावला होता. तो २०१८ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. असो.

मी इतिहासवाली नाही, पण विद्यापीठाच्या संग्रहालयात खूपदा जाते. त्या पाट्यांत शौर्य नाही, पलंग नाही, कारस्थान नाही. शिधा आहे. कुणाला किती धान्य, किती दारू, किती मेंढ्या. आपल्या कोठीच्या वहीसारखं. बाळंतिणींना जादा शिधा मिळायचा, मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. (तिथेही तेच.)

आणि त्यांत राजघराण्यातल्या बायका ठळक दिसतात. सर्वात जास्त दिसते ती इर्तश्दुना. ही म्हणजे ग्रीकांची अर्तिस्तोने, अतोसाची बहीण. एका पाटीत दारियसची आज्ञा आहे: माझ्या मालमत्तेतून तिला १०० मेंढ्या द्या. दुसरीत २०० मरिश दारू, म्हणजे सुमारे १,९०० लिटर. तिच्या स्वतःच्या वाड्या होत्या, स्वतःचा शिक्का होता, त्या शिक्क्याने ती कारभाऱ्यांना हुकूम पाठवायची. इर्दबामा नावाची आणखी एक बाई आहे, तिच्या पदरी तर शेकडो मजूर.

म्हणजे लोकर कातत बसलेल्या नव्हत्याच, आबा. फिरत होत्या, इस्टेटी सांभाळत होत्या, मेजवान्या देत होत्या.

विदर्भाचा_वारा
१,९०० लिटर! लग्न होतं का काय कोणाचं?

केतकीचं_बन
मैना, आणि अतोसा? ती आहे का पाट्यांत?

शिकागोची_मैना
आहे. एलामीत तिचं नाव 'उदुसना' असं येतं. पण हातावर मोजण्याइतक्या पाट्यांत, तेही शिधा खर्ची पडल्याच्या संदर्भात. बहिणीइतका पसारा तिच्या नावावर दिसत नाही.

तळटीप
मैनाताई, सोनं आणलंत. यात हिरोडोटसचंच दुसरं वाक्य जोडतो. तो म्हणतो, दारियसची सर्वात लाडकी राणी अर्तिस्तोने होती, तिची त्याने ठोकलेल्या सोन्याची मूर्ती घडवून घेतली होती. म्हणजे लाडकी अर्तिस्तोने, आणि पाट्यांत झळकणारीही तीच. या बाबतीत हिरोडोटस बरोबर निघाला.

पण एक सावधगिरी. त्या पाट्या फक्त पर्सेपोलिसच्या आसपासच्या फार्स प्रांतातल्या, आणि अवघ्या सोळा-सतरा वर्षांच्या. अतोसाचा मुक्काम मुख्यतः सूसाला किंवा बाबिलोनला असला तर ती इथे फारशी दिसणारच नाही. कोठीच्या वहीत नाव कमी म्हणून बाई बिनवजनाची, असं होत नाही.

तिसरी_घंटा
अवांतर नाही, पण बाजूची गल्ली. नाटकातली अतोसा.

ग्रीक नाटककार एस्किलसने इ.स.पू. ४७२ मध्ये 'पर्शियन्स' रंगमंचावर आणलं. ग्रीकांनी झर्क्सीसच्या आरमाराला हरवलं त्या सलामिसच्या लढाईला जेमतेम आठ वर्षं झाली होती. हरलेल्या शत्रूच्या राजधानीत, शत्रूच्या राजमातेला मध्यभागी ठेवून नाटक! ती स्वप्न सांगते, दोन बायका एका रथाला जुंपल्यात, एक मुकाट, दुसरी जू मोडून टाकणारी. ती विचारते, हे अथेन्स आहे तरी कुठे? त्यांचा मालक कोण? उत्तर येतं, ते कुणाचेही गुलाम म्हणवत नाहीत. अथेन्सच्या प्रेक्षकांनी इथे काय केलं असेल हे सांगायला नको.

मात्र नाटकाच्या संहितेत तिला नावच नाही. फक्त 'राणी'. अतोसा हे नाव पात्रांच्या यादीत मागाहून आलं. मी स्वतः एका हौशी प्रयोगात ही भूमिका केली होती, आणि दोन महिने 'मी अतोसा, मी अतोसा' करत फिरत होते. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकाने हे सांगितलं. त्याच्या अंगावर मुकुट फेकला होता.

रिकामटेकडा
म्हणजे त्या दिवशी सर्व सत्ता खरंच अतोसाच्या हाती होती.

मुळशीकर
अवांतर: अवेस्तातला 'हु' म्हणजे आपला 'सु' ना? सप्तचं हप्त तसं?

तळटीप
हो. संस्कृतातला 'स' तिकडे बहुतेक जागी 'ह'. सप्तचं हप्त, त्याचं फारसीत हफ्त, त्यावरून सात दिवसांचा हफ्ता, आणि तो आपल्याकडे येऊन कर्जाचा हप्ता झाला.

मुळशीकर
पाच तारखेलाच आठवण करून द्यायची होती का?

आजीबाईंचा_बटवा
फोर्टात माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी पंखवाले, माणसाच्या तोंडाचे बैल आहेत, ते पर्सेपोलिसच्या धर्तीवरचेच ना? आमच्या ह्यांचं ऑफिस त्याच रस्त्यावर होतं. तिथे उभी राहून मी कितीदा त्यांची वाट पाहिलीये. आत जाता येत नाही आपल्याला, पण दार बघून यावं.

शिकागोची_मैना
हो आजी, त्याच धर्तीचे. आणि गंमत म्हणजे खुद्द पर्सेपोलिसच्या कोरीवकामात राजे, सरदार, सैनिक, नजराणे आणणारे देशोदेशीचे लोक असे शेकडो पुरुष आहेत. मादी एकच. सूसाकडच्या लोकांनी नजराणा म्हणून आणलेली सिंहीण. राणी एकही नाही.

तिखटमीठ
सिंहीण चालते, राणी नाही. लिहून ठेवते.

केतकीचं_बन
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येऊ का? शनिवारभर बसून ते वाक्य, त्याच्या मागचं-पुढचं, दोन भाषांतरांत वाचलं.

प्रसंग असा. इजिप्तने बंड केलंय, दारियस स्वारीच्या तयारीत आहे, आणि निघण्याआधी वारस नेमायची रीत आहे. अर्तोबाझानेस म्हणतो मी थोरला. झर्क्सीस म्हणतो मी सायरसच्या मुलीचा मुलगा. तेवढ्यात स्पार्टाचा पदभ्रष्ट राजा डेमारेटस झर्क्सीसला युक्ती सुचवतो: तू सांग, थोरला जन्मला तेव्हा वडील साधे गृहस्थ होते, मी जन्मलो तेव्हा राजे होते. दारियसला हे पटतं. आणि इथे हिरोडोटस म्हणतो, 'मला वाटतं' ही युक्ती नसती तरी झर्क्सीसच राजा झाला असता, कारण सगळी सत्ता अतोसाकडे होती.

'मला वाटतं' हे शब्द मी पहिल्यांदा वाचताना गाळलेच होते.

आणि झर्क्सीसचा स्वतःचा शिलालेख आहे पर्सेपोलिसचा. त्यात तो म्हणतो, दारियसला इतरही मुलगे होते, पण अहुरमझ्दा या देवाची इच्छा अशी होती की वडिलांनी स्वतःनंतर मलाच सर्वात मोठं केलं. आजोबा विश्तास्प, पणजोबा अर्शाम यांची नावं आहेत. दोघेही बापाकडचे. आई नाही, आणि आईचा बाप सायरसही नाही.

तळटीप
हे छान पकडलंत. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी म्हणालो होतो की सायरसचा नातू हाच झर्क्सीसचा हुकमी एक्का. मग तो एक्का तो दगडावर का दाखवत नाही? दारियसच्या घराण्याला सायरसच्या मुली हव्या होत्या, पण त्यांच्यामुळे गादी मिळाली हे कबूल करायचं नव्हतं, असं दिसतं. माझं आधीचं विधान थोडं मागे घेतो.

आबा_सातारकर
तळटीप यांनी विधान मागे घेतलं! तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

कातरवेळ
दगडावर आईचं नाव नाही, आणि शत्रूच्या पुस्तकात सर्व सत्ता तिचीच. मला यातलं कुठलंच पूर्ण खरं वाटत नाही. पण तिचं नाव टाळायला इतकी मेहनत घेतली असेल, तर ते वजनदार होतं असं मी म्हणेन. पुरावा नाही, तळटीप, माहीत आहे.

तिखटमीठ
मेहनत कसली? त्यांच्या शिलालेखांत कुठल्याच बाईचं नाव नसतं. अतोसासाठी खास काही केलेलं नाही.

कातरवेळ
सायरस तर बाई नव्हता ना? त्याचंही गाळलंय.

स्टेथोस्कोप
धागाकर्तीने आंटींना सांगितलं का हे सगळं?

केतकीचं_बन
काल संध्याकाळी सांगितलं. भावाशी लग्नाचा भाग आजीबाईंच्या सल्ल्याप्रमाणे गाळला. कानाची गोष्ट आवडली त्यांना, दोनदा सांगायला लावली. गाठीचं ऐकताना गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "माझी मम्मी पण अशीच लपवत होती." त्यावर आम्ही थोडा वेळ काहीच बोललो नाही.

मग डॉक्टरचं विचारलं. "तो क्रोटोनवाला परत आला का नाय?" म्हटलं, नाही आंटी, पळाला, पैलवानाच्या मुलीशी लग्न केलं. "आणि ते सोनं?" ते काही हिरोडोटसने नीट सांगितलेलं नाही. आंटी म्हणाल्या, "नेलं असणार. डॉक्टर होता ने."

स्टेथोस्कोप
निषेध नोंदवते. कस्टर्डची कृती मात्र द्या.